तीन किलोबाइटची खिडकी

विंडोजवर रिकामी खिडकी उघडणारा, शीर्षकपट्टीत एक शब्द दाखवणारा आणि कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करताच बंद होणारा प्रोग्राम सी भाषेत लिहायला पन्नास-साठ ओळी पुरतात. त्याच ओळी मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे भाषेची लायब्ररी फाइलच्या पोटात घेऊन बांधल्या, की तयार झालेली फाइल शंभर किलोबाइटच्या आसपास जाते. लायब्ररी वगळून बांधल्या तर ती तीन-चार किलोबाइटमध्ये मावते. पडद्यावर दिसणारी खिडकी दोन्ही वेळा तीच असते. फरक आहे तो प्रोग्रामरने न लिहिलेल्या, तरीही त्याच्या फाइलीत येऊन बसलेल्या मजकुराचा.

हा मजकूर येतो कुठून? सी शिकणाऱ्याला पहिल्या धड्यात सांगितले जाते, की प्रोग्राम ‘मेन’ नावाच्या फंक्शनपासून सुरू होतो; खिडक्यांच्या प्रोग्रामात त्याच्या जागी ‘विनमेन’ असते. भाषेपुरते हे खरे आहे, पण विंडोजला या नावांशी काही देणेघेणे नाही. प्रत्येक ‘ईएक्सई’ फाइलीच्या हेडरमध्ये एका पत्त्याची नोंद असते. फाइल मेमरीत चढली, तिला लागणाऱ्या डीएलएल फाइली जोडून झाल्या, की विंडोज त्या पत्त्यावरची सूचना चालवायला घेते. तिथे ‘विनमेन’ नसते. लायब्ररीने आणून ठेवलेले एक स्टार्टअप फंक्शन असते. ते आधी घराची आवराआवर करते: स्टॅकवर कोणी आगंतुक लिहून गेले तर कळावे म्हणून एक गुप्त संख्या ठरवते, कमांड लाइन तपासते, फाइल आणि कन्सोलवर लिहिण्या-वाचण्याची सोय लावते, सी++ असेल तर ग्लोबल ऑब्जेक्टचे कन्स्ट्रक्टर चालवते. मगच ‘विनमेन’ला हाक जाते. ते संपून परतले की निरोपाची कामे उरकून हेच फंक्शन विंडोजला प्रोसेस बंद करायला सांगते. या सगळ्या मागच्या व्यवस्थेला रनटाइम म्हणतात. ‘प्रिंटएफ’, ‘मॅलॉक’, ‘एसटीआरलेन’ यांसारखी हाताशी असलेली तयार फंक्शने म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी. व्यवहारात दोन्ही एकाच गाठोड्यात येतात आणि त्या गाठोड्याला सी रनटाइम किंवा थोडक्यात सीआरटी म्हटले जाते.

गाठोडे फाइलीच्या आत बांधायचे नसेल तर वेगळ्या डीएलएलमध्ये ठेवता येते. फाइल त्याने लहान होते, पण ती डीएलएल प्रत्येक संगणकावर असावी लागते. नव्या संगणकावर एखादा प्रोग्राम किंवा गेम उघडताना ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही’ असा संदेश अनेकांनी पाहिलेला असतो. तो याच व्यवस्थेचा परिणाम. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या लायब्ररीचा मोठा भाग वेगळा काढून विंडोज १० मध्येच बसवला. कंपायलरशी घट्ट जोडलेला भाग मात्र तेव्हाही वेगळाच राहिला, आणि म्हणून तो संदेश आजही दिसतो.

लायब्ररीशिवाय सी लिहिणे हा भाषेशी केलेला द्रोह नव्हे. १९८९च्या अमेरिकी प्रमाणकातच सीसाठी दोन प्रकारचे वातावरण मान्य केले आहे. ‘होस्टेड’ वातावरणात भाषेला यजमान असतो आणि पूर्ण लायब्ररी उपलब्ध असते. ‘फ्रीस्टँडिंग’ वातावरणात यजमान गृहीत धरलेला नाही, प्रोग्राम कोणत्या फंक्शनपासून सुरू होईल हेही प्रमाणक ठरवत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, बूटलोडर, वॉशिंग मशीनमधल्या चिपवरचा प्रोग्राम हे सगळे या दुसऱ्या वातावरणातले रहिवासी. डेस्कटॉपवरचा प्रोग्राम त्या पद्धतीने लिहिणे ही मधलीच स्थिती आहे: खाली अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम हजर आहे, फक्त तिच्याशी बोलणारा मध्यस्थ काढून टाकलेला आहे.

काढण्याची कृती सोपी आहे. कंपाइल झालेले तुकडे जोडून ईएक्सई फाइल बनवणाऱ्या लिंकरला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: नेहमीच्या लायब्ररी घेऊ नकोस, आणि सुरुवात अमुक नावाच्या फंक्शनपासून कर. जोडायच्या उरतात त्या विंडोजच्या स्वतःच्या डीएलएल. कर्नल३२ मध्ये प्रोसेस, मेमरी आणि फाइलींची कामे असतात. यूजर३२ मध्ये खिडक्या, माउस, कीबोर्ड. जीडीआय३२ मध्ये रेषा आणि अक्षरे काढण्याची साधने. या डीएलएल भाषेच्या लायब्ररीचा भाग नाहीत. प्रत्येक विंडोजवर त्या असतातच, म्हणून त्यांचे एक अक्षरही प्रोग्रामच्या फाइलीत भरावे लागत नाही. फाइलीत फक्त एक यादी जाते: या डीएलएलमधली ही फंक्शने हवीत. प्रोग्राम उघडताना विंडोज यादीतल्या प्रत्येक नावापुढे त्याचा मेमरीतला खरा पत्ता भरून देते.

यांनाही बगल देऊन थेट कर्नलला हाक मारता येईल, पण विंडोजवर तो मार्ग विश्वासाचा नाही. कर्नलच्या प्रत्येक सेवेला एक क्रमांक असतो आणि विंडोजच्या आवृत्तीगणिक हे क्रमांक बदलत आले आहेत. आज चाललेला प्रोग्राम पुढच्या अपडेटनंतर भलतीच सेवा मागू शकेल. मायक्रोसॉफ्टने कायम ठेवण्याचे वचन दिले आहे ते कर्नल३२ आणि यूजर३२ यांच्यातल्या फंक्शनांचे. ते वचन तिने चांगले पाळले आहे: १९९३च्या विंडोज एनटी ३.१ बरोबर आलेली खिडकी उघडण्याची पद्धत आजही जशीच्या तशी चालते.

ती पद्धत अशी. आधी ‘रजिस्टर-क्लास’ने खिडकीच्या प्रकाराची नोंद करायची. या नोंदीसाठी ६४ बिटांच्या विंडोजवर ७२ बाइटांची एक रचना भरावी लागते. तिच्यात प्रकाराचे नाव, माउसचा बाण, पार्श्वभूमीचा रंग असतो, आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे एका फंक्शनचा पत्ता. त्या फंक्शनला विंडो प्रोसीजर म्हणतात. मग ‘क्रिएट-विंडो’ने प्रत्यक्ष खिडकी तयार करायची. त्यानंतर प्रोग्राम एका फेऱ्यात शिरतो: ‘गेट-मेसेज’ने रांगेतला पुढचा संदेश घ्यायचा, ‘डिस्पॅच-मेसेज’ने तो विंडो प्रोसीजरकडे धाडायचा, पुन्हा पुढचा. संदेश नसेल तेव्हा ‘गेट-मेसेज’ प्रोग्रामला झोपवून ठेवते आणि प्रोसेसर इतरांसाठी मोकळा राहतो. विंडो प्रोसीजरला दोन-तीन संदेशांचेच उत्तर स्वतः द्यावे लागते. खिडकी नष्ट झाल्याचा संदेश आला की ‘पोस्ट-क्विट-मेसेज’ म्हणायचे. त्यामुळे ‘गेट-मेसेज’ शून्य परत करते आणि फेरा थांबतो. बाकी सारे ‘डेफ-विंडो-प्रॉक’कडे सोपवायचे. खिडकी ओढणे, तिचा आकार बदलणे, मोठी करणे, खाली पट्टीत पाठवणे ही कामे तेच करते.

एका संदेशाकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. खिडकीचा काही भाग नव्याने रंगवायचा असेल तेव्हा ‘पेंट’ हा संदेश येतो. तो स्वतः हाताळायचा ठरवला तर ‘बिगिन-पेंट’ आणि ‘एंड-पेंट’ ही जोडी बोलवावीच लागते, कारण तो भाग रंगवून झाल्याची नोंद ‘बिगिन-पेंट’मुळे होते. ती वगळली तर विंडोजच्या दृष्टीने खिडकी अजून रंगवायचीच आहे, म्हणून तोच संदेश पुन्हा येतो, आणि येतच राहतो. खिडकी वरकरणी शांत दिसते. प्रोसेसरचा एक कोअर मात्र पूर्ण वेळ त्यात गुंतलेला असतो.

इथपर्यंत सगळे कागदोपत्री नोंदलेले आहे. खरी परीक्षा लिंकर घेतो. प्रोग्रामरने स्टँडर्ड लायब्ररीतले एकही फंक्शन वापरलेले नसताना लिंकर ‘मेमसेट’ सापडत नाही म्हणून अडून बसतो. कारण ही हाक प्रोग्रामरची नसतेच, कंपायलरची असते. एखादी रचना किंवा अ‍ॅरे शून्यांनी भरण्याची एक ओळ लिहिली, की तुकडा लहान असेल तर कंपायलर थेट सूचना टाकतो आणि मोठा असेल तर ‘मेमसेट’ला बोलावतो. मोठी रचना एकीकडून दुसरीकडे उतरवताना याच रीतीने ‘मेमकॉपी’ येते. जीसीसी कंपायलरच्या माहितीपुस्तकात तर उघडच लिहिले आहे, की फ्रीस्टँडिंग वातावरणातही अशी चार फंक्शने त्याला लागतात: ‘मेमकॉपी’, ‘मेममूव्ह’, ‘मेमसेट’ आणि ‘मेमकॉम्प’. भाषा आणि तिची लायब्ररी यांच्यामधली रेघ पुस्तकात दिसते तितकी स्वच्छ नाही, हे इथे पहिल्यांदा ध्यानात येते.

मग ही फंक्शने स्वतः लिहायची. ‘मेमसेट’ म्हणजे एका बाइटनंतर दुसरा भरत जाणारे तीन ओळींचे लूप. पण हुशार कंपायलर ते लूप वाचतो, हे तर ‘मेमसेट’चेच काम आहे असे ओळखतो आणि लूप काढून तिथे ‘मेमसेट’ला हाक टाकतो. फंक्शन स्वतःलाच बोलावत राहते आणि स्टॅक संपून प्रोग्राम कोसळतो. जीसीसीमध्ये हे ओळखणे बंद करण्याचा पर्याय द्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर या नावाचे फंक्शन लिहूच देत नाही. ते आपले राखीव नाव नाही असे त्याला एका खास ओळीने आधी सांगावे लागते.

स्टॅकचे प्रकरण याहून खोल आहे. विंडोज प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारणपणे १ मेगाबाइट जागा राखून ठेवते, पण खरी मेमरी गरजेपुरतीच देते. दिलेल्या भागाच्या कडेला ४०९६ बाइटांचे एक राखणीचे पान असते. प्रोग्रामचा त्या पानाला स्पर्श झाला, की विंडोज समजते की आणखी जागा हवी, आणि राखणीचे पान एक पायरी खाली सरकवते. आता एखाद्या फंक्शनने दहा हजार बाइटांचा अ‍ॅरे स्थानिक म्हणून घेतला आणि थेट त्याच्या दूरच्या टोकाला लिहिले, तर राखणीचे पान ओलांडून उडी पडते आणि प्रोग्राम तिथेच कोसळतो. हे टाळण्यासाठी मोठ्या फंक्शनांच्या आरंभी कंपायलर ‘सीएचकेएसटीके’ नावाच्या फंक्शनला हाक टाकतो. ते प्रत्येक पानाला क्रमाने हात लावत खाली जाते. ३२ बिटांत ४ किलोबाइट आणि ६४ बिटांत ८ किलोबाइटपेक्षा मोठे स्थानिक चल असले की ही हाक येते. हे फंक्शनही सीआरटीतच राहते. लायब्ररीशिवाय लिहिणारे म्हणूनच मोठे अ‍ॅरे स्टॅकवर ठेवत नाहीत. ते ग्लोबल करतात किंवा विंडोजकडून वेगळी मेमरी मागून घेतात.

उरलेल्या अडचणी लहान आहेत. अपूर्णांकाचे गणित केले, की लिंकर ‘एफएलटी-यूज्ड’ नावाची खूण मागतो; त्या नावाचा एक पूर्णांक जाहीर केला की त्याचे समाधान होते. ३२ बिटांच्या प्रोग्रामात ६४ बिटांच्या संख्यांचा भागाकार केला, तर त्यासाठीचे मदतनीस फंक्शनही बाहेरून यावे लागते. गुप्त संख्येची तपासणी कंपायलरच्या एका पर्यायाने बंद करता येते. पण ती सुरक्षेसाठी आहे, हे विसरून चालत नाही. बाहेरून आलेला मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रामात ती बंद करणे हा चुकीचा सौदा आहे.

शेवटी बाहेर पडणे. स्टार्टअप फंक्शन नाही म्हटल्यावर निरोपाचे कामही प्रोग्रामकडेच येते. सुरुवातीच्या फंक्शनमधून नुसते परतले तर तो एक थ्रेड संपतो. प्रोसेस संपेलच असे नाही. विंडोज १० मध्ये डीएलएल चढवण्यासाठी प्रणाली स्वतःच काही मदतनीस थ्रेड सुरू करते. ते जिवंत असेपर्यंत खिडकी बंद होऊनही प्रोग्राम टास्क मॅनेजरमध्ये काही काळ दिसत राहतो. म्हणून शेवटची ओळ नेहमी ‘एक्झिट-प्रोसेस’चीच असावी लागते.

गमावलेल्या सोयींना विंडोजमध्ये बहुतेक ठिकाणी पर्याय सापडतात. ‘मॅलॉक’च्या जागी ‘हीप-अ‍ॅलॉक’ आहे. तसेही सीआरटीतले ‘मॅलॉक’ आत जाऊन त्यालाच बोलावते. ‘प्रिंटएफ’च्या धर्तीचे ‘डब्ल्यूएसप्रिंटएफ’ चक्क यूजर३२ मध्ये आहे. त्याला अपूर्णांक लिहिता येत नाहीत आणि १०२४ ही त्याची कमाल मर्यादा, पण खिडकीत एखादी संख्या दाखवायला ते पुरते.

मराठी मजकूर दाखवण्यासाठी तर लायब्ररीची मुळीच गरज पडत नाही. विंडोज आतून यूटीएफ-१६ वापरते आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात. ‘नमस्कार’ या शब्दात न, म, स, हलन्ताचे चिन्ह, क, काना आणि र अशी सात चिन्हे आहेत. शेवटचे शून्य धरून १६ बाइट. स आणि क यांचे जोडाक्षर जुळवणे, मात्रा-वेलांट्या योग्य जागी बसवणे हे किचकट काम ऑपरेटिंग सिस्टीमचे आहे. विंडोज २००० पासून त्यासाठी युनिस्क्राइब हा घटक आणि मंगल हा फाँट आला. विंडोज ८ मध्ये निर्मला यूआय. प्रोग्रामने फंक्शनांच्या युनिकोड आवृत्त्या वापरायच्या आणि मूळ फाइल यूटीएफ-८ मध्ये असल्याचे कंपायलरला सांगायचे, एवढेच. तीन किलोबाइटच्या प्रोग्रामाच्या शीर्षकपट्टीत शुद्ध जोडाक्षर उमटते ते या खाली उभ्या असलेल्या यंत्रणेच्या जोरावर. लहान फाइल म्हणजे थोडे काम असे नसते; काम दुसरीकडे चाललेले असते.

तीन किलोबाइटमध्येही पुष्कळ जागा रिकामीच असते. ईएक्सई फाइलीची सुरुवात ‘एम’ आणि ‘झेड’ या अक्षरांनी होते. ही मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरे. त्यानंतर डॉसच्या काळचा एक चिमुकला प्रोग्राम असतो, जो हा प्रोग्राम डॉसमध्ये चालणार नाही एवढेच सांगतो. पुढे खरे हेडर आणि मग विभाग: एकात सूचना, एकात बदल न होणारी माहिती, एकात बदलणारी. फाइलीतला प्रत्येक विभाग सहसा ५१२ बाइटांच्या पटीत ठेवला जातो, म्हणून विभागात वीस बाइट असले तरी तो ५१२ खातो. विभाग एकमेकांत मिसळायला लिंकरला सांगितले, की प्रत्येकी अर्धा किलोबाइट वाचतो.

कर्नलला थेट हाक मारण्याच्या बाबतीत लिनक्सवर चित्र उलटे आहे. तिथे कर्नलच्या सेवांचे क्रमांक कायम राहतात. ६४ बिटांच्या इंटेल प्रोसेसरवर लिहिण्याचा १ आणि बाहेर पडण्याचा ६०. त्यामुळे एकही लायब्ररी न जोडता प्रोग्राम थेट कर्नलशी बोलू शकतो. ब्रायन रेटर यांनी अवघ्या ४५ बाइटांची चालणारी लिनक्स फाइल करून दाखवली. त्या प्रकारच्या फाइलीचे हेडरच ५२ बाइटांचे असते. त्यांनी सूचना हेडरच्या पोटात बसवल्या आणि शेवटचे सात बाइट शून्यच असल्याने ते लिहिलेच नाहीत. पण ही फाइल फक्त ४२ ही संख्या परत करते. खिडकीसाठी लिनक्सचे कर्नल काहीच पुरवत नाही. त्यासाठी एक्स११ सर्व्हरशी सॉकेट जोडून १९८७ मध्ये ठरलेल्या नियमांप्रमाणे बाइट पाठवावे लागतात: पहिला बाइट संख्या कोणत्या क्रमाने लिहिल्या जातील ते सांगणारा, पुढे खिडकी तयार करण्याची १ क्रमांकाची विनंती, ती दाखवण्याची ८ क्रमांकाची, आणि प्रत्येक विनंतीची लांबी चारच्या पटीत. मॅकओएसवर मात्र अ‍ॅपलने कर्नलशी थेट बोलण्याची हमी दिलेली नाही. गो भाषेचे प्रोग्राम तिथेही थेट बोलत असत, २०१८च्या १.११ या आवृत्तीपासून त्यांनी अ‍ॅपलच्या लिबसिस्टीम या लायब्ररीचा मार्ग धरला.

ही काटकसर केवळ अभ्यासापुरती नाही. विनअ‍ॅम्प हा संगीत वाजवणारा प्रोग्राम करणाऱ्या नलसॉफ्टने एनएसआयएस हे इन्स्टॉलर बनवण्याचे साधन काढले. त्याचा स्वतःचा भार ३४ किलोबाइट. प्रत्येक डाउनलोडबरोबर तो भार जाणार असल्याने सीआरटी त्यात ठेवलेच नाही. ५६ किलोबिटच्या मोडेमवर ३४ किलोबाइट उतरायला पाचेक सेकंद लागत. त्या काळात प्रत्येक जादा किलोबाइट वापरणाऱ्याला जाणवत असे. युरोपातल्या डेमोसीन या हौशी प्रोग्रामर-कलाकारांच्या वर्तुळात तर मर्यादा हीच कला: ६४ किंवा ४ किलोबाइटच्या एकाच फाइलीत चित्र, हालचाल आणि संगीत. २००४ मध्ये जर्मनीतल्या ब्रेकपॉइंट मेळाव्यात ‘क्रीगर’ हा पूर्ण त्रिमितीय गेम सादर झाला, तो ९६ किलोबाइटचा होता. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनला आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली.

रोजच्या कामाच्या प्रोग्रामासाठी हिशेब वेगळा पडतो. सी++चे एक्सेप्शन, ग्लोबल ऑब्जेक्ट, अपूर्णांकांची अचूक छपाई यांची गरज लागली, की रनटाइमचे तुकडे एकेक करून हाताने परत लिहावे लागतात, आणि ते मूळ लायब्ररीइतके तपासलेले नसतात. बटणे नव्या धाटणीची दिसावीत आणि जास्त पिक्सेलच्या पडद्यावर अक्षरे धूसर होऊ नयेत, यासाठी मॅनिफेस्ट नावाचा एक्सएमएल मजकूर फाइलीत घालावा लागतो. त्यात किलोबाइटभर जागा जाते. शिवाय नेहमीचा रनटाइम नसलेल्या, मोजक्याच फंक्शनांची यादी असलेल्या इवल्या फाइलींकडे अँटिव्हायरस संशयाने पाहतात, कारण घातक प्रोग्राम लिहिणारेही हीच वाट धरतात. संशय कमी व्हावा म्हणून फाइलीवर डिजिटल सही करता येते. प्रमाणपत्रांची साखळी आणि वेळेचा शिक्का धरून ती सही बहुधा पाच-सहा किलोबाइटच्या वर जाते, म्हणजे ज्या प्रोग्रामसाठी ती केली त्याच्याहून मोठी होते.